केक चौदा, पैसे दोनचे आणि एक अंडं

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात राहते. सहा वर्षं घरी केक करून विकते. व्याप फार मोठा नाही. सोसायटीतून आणि मुलीच्या शाळेतल्या ओळखीतून महिन्याला दहा-बारा ऑर्डरी येतात. घरात सासू-सासरे, नवरा आणि आठवीतली मुलगी.

गेल्या वर्षी नातेवाइकांसाठी चौदा केक केले. पैसे आले दोनचे, तेही लांबच्या नात्यातल्यांकडून. जवळचे म्हणतात, "घरचंच तर आहे." एप्रिलमध्ये भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला ठाण्याहून नाशिकला गाडीतून केक नेला. कसारा घाट चढेपर्यंत क्रीमने मान टाकली. नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "दुकानातलाच सांगितला असता तर बरं झालं असतं." त्याच रात्री तिने तिच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक मला सांगितला आणि मी हो म्हटलं. जानेवारीपासून तर मीच आधी विचारायला लागलेय, "केक आणू ना?" का, ते कळत नाही.

आता मे महिन्यात सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, पंचाहत्तरी आहे. नाशिकला हॉल घेतलाय. सकाळी शांत, दुपारी जेवण, माणसं सव्वाशे. नणंदेने ग्रुपवर तीन मजली केकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनी, असा हवा." त्याखाली पंधरा अंगठे. मला कोणी विचारलंच नाही. सासऱ्यांना तर क्रीम आवडतही नाही, ते चमच्याने बाजूला काढून ठेवतात. ते मूळचे चिपळूणकडचे, त्यांना गुळाचं गोड लागतं. यांना सांगितलं तर म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." मी नाही कसं म्हणू?

ता. क. सासूबाई माळकरी आहेत. घरात अंडं येत नाही. अंड्याचे केक मी खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे करते. डिसेंबरात मावससासूबाईंच्या मुलाच्या साखरपुड्याला केक करायचा होता आणि रात्री अकराला बिनअंड्याचा स्पंज मधोमध बसला. मैत्रिणीकडे दुसऱ्या ऑर्डरचा अंड्याचा स्पंज तयार होता, तोच वापरला. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले. म्हणाल्या, "आजवरचा सगळ्यात हलका झालाय." आता दर वेळी म्हणतात, "तसाच कर." नणंदेनेही एकदा विचारलं, "तो इतका मऊ कसा झाला होता?" मैत्रिणीशिवाय कोणालाच माहीत नाही.

ओव्हनला जुंपलेली, ठाणे

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र ता. क.च्या अलीकडेच संपलं असतं तर माझं काम सोपं होतं. नणंदेला नाही म्हणायची चार वाक्यं लिहून दिली असती, तुमच्या यजमानांना दोन टोमणे मारले असते आणि मोकळी झाले असते. अशी पत्रं मला लग्नसराईच्या तोंडावर हमखास येतात. कधी केकच्या जागी रुखवत असतं, कधी ब्लाउज शिवणं, कधी मेंदी. जिचा हात चालतो तिला घर कामाला लावतंच.

पण तुम्ही लिहिलंय, जानेवारीपासून मीच आधी विचारायला लागलेय. आणि पुढे, का ते कळत नाही. मला वाटतं, तुम्हाला कळतंय. नाहीतर ता. क. लिहिलं नसतंत.

एप्रिलमध्ये नणंदेला हो म्हणालात, ती भीड होती. तो रोग जुना आणि औषधाने बरा होणारा. जानेवारीपासून जे चाललंय ते निराळं आहे. तुम्ही त्या डिसेंबरातल्या अंड्याचे हप्ते फेडताय. दर केकला एक हप्ता. आणि ज्यांचं देणं आहे त्यांना आपण कर्ज दिल्याचा पत्ताच नाही, त्यामुळे "बाई, फिटलं हो" असं तुम्हाला कोणी कधीच म्हणणार नाही. उद्या पाच मजली केक केलात तरी नाही.

म्हणून मी क्रम उलटा लावते. आधी सासूबाई, मग नणंद, केक सगळ्यात शेवटी.

सासूबाईंना सांगा. पंचाहत्तरीच्या आधी सांगा, पुरेसं आधी.

तुम्हाला दहा जणी म्हणतील की झालं ते झालं, त्यांना कळलंच नाही तर त्रास कुणाला? मला हे पटत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या बाईने आपण काय खाणार नाही हे एकदा ठरवलेलं असतं आणि पुढे लग्नकार्यात, प्रवासात, दुखण्याखुपण्यात ते सांभाळलेलं असतं. तुम्हाला त्याचं महत्त्व वाटतं की नाही हा प्रश्नच नाही. तोंड त्यांचं, पोट त्यांचं, व्रत त्यांचं. त्यांच्या वतीने रात्री अकरा वाजता तुम्ही परस्पर निकाल देऊन टाकलात. त्या वेळी घाई होती, झोप येत होती, दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता; सगळं मान्य. पण तुम्हाला ठाऊक होतं.

धंद्याच्या अंगानेही बघा. आपल्याकडे पाकिटावर अंड्याच्या पदार्थाला हिरवी खूण चालत नाही, मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूण लागते. एखाद्या दुकानदाराने बिनअंड्याचा म्हणून अंड्याचा केक दिला असता तर तुम्हीच त्याला सोडलं नसतं. (जाता जाता: विकण्यासाठी करताय तर अन्नसुरक्षेची नोंदणी केली आहे ना? घरगुती व्यवसायालाही ती लागते. नसेल तर या महिन्यात उरकून टाका.)

आणि निव्वळ व्यवहाराचं बोलायचं तर मैत्रिणीला माहीत आहे आणि नणंदेच्या मनात पाल चुकचुकली आहे. सव्वाशे माणसांच्या पंगतीत, गुरुजींच्या देखत, "आई, वहिनीला विचार बरं डिसेंबरातल्या केकमध्ये काय होतं," हे वाक्य उच्चारलं गेलं तर तुम्ही कुठे बघाल? त्याहून वाईट म्हणजे सासूबाई कुठे बघतील?

आता सांगायचं कसं. आदल्या रात्री यजमानांच्या कानावर घाला. परवानगी मागू नका आणि त्यांना मध्यस्थ म्हणून पुढेही करू नका. "उद्या मी आईंना हे सांगणार आहे," एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या पडून उठल्या की, घरात तिसरं माणूस नसताना सांगा. एकादशीचा दिवस टाळा, पाहुणे यायचे असतील तो दिवसही टाळा. वाक्यं तीनच: "आई, डिसेंबरात साखरपुड्याला जो केक केला होता, त्यात अंडं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, माझं चुकलं."

आणि गप्प बसा. इथेच बहुतेक जणींचं बिघडतं. चौथं वाक्य येतं ते "पण" लावून. पण रात्रीचे अकरा वाजले होते. पण तुमच्याच बहिणीकडचं काम होतं. पण तुम्हाला तो आवडलाच होता की! हे शेवटचं तर चुकूनही बोलू नका. तो त्यांना आवडला, हेच त्यांना सगळ्यात जास्त लागणार आहे.

मग त्या काय करतील? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. रागावतील, रडतील, चार दिवस तुमच्या हातचं खाणार नाहीत, एखादा जादा उपास धरतील. जे करतील ते करू द्या. "एवढं काय त्यात" असं कोणी म्हणालं, मग ते यजमान का असेनात, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं.

माझं सांगते. लग्नाला दुसरं वर्ष होतं. यांचे साहेब जेवायला येणार म्हणून मी पुडिंग केलं होतं, तेव्हा ते नवलाचं होतं. चातुर्मास चालू होता. माझ्या सासूबाईंनी वाटीभर खाल्लं, वाटी बोटाने पुसून खाल्ली. पुढे आठवड्याने माझा एक मामेभाऊ आला, तो रसायनशास्त्र शिकत होता. त्याने सहज सांगितलं की जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. मला घाम फुटला. माझ्या बाजूने एवढंच की घालताना मला माहीत नव्हतं. पण कळल्यावर मीही आठ दिवस तोंड उघडलं नाही. मग एका दुपारी सांगितलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या, उठल्या आणि त्या पुडिंगचं भांडं फडताळातून काढून घासायला टाकलं. धुतलेलंच होतं ते. पुढचे आठ दिवस स्वतःपुरता भात वेगळा शिजवला. एकाच ओट्यावर दोन कुकर, एक शिट्टी त्यांची, एक माझी. नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता विचारलं, "ते चायना ग्रास म्हणतात ते कशाचं असतं गं?" म्हटलं, समुद्रातल्या शेवाळाचं. "हं," म्हणाल्या. चहा मात्र त्या संध्याकाळी माझ्या हातचा घेतला. पुडिंग त्यांनी पुन्हा कधीच खाल्लं नाही, चायना ग्रासचंही नाही. मी दोन-तीनदा करून पाहिलं, मग सोडून दिलं.

तर असं. सांगितल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल असं वचन मी देत नाही. पण जानेवारीपासून चाललेली ही फेड थांबेल, आणि "तसाच कर" म्हटल्यावर तुमच्या पोटात जो खड्डा पडतो तो पडणार नाही.

"तसाच" वरून आठवलं. त्यांना हेही स्पष्ट सांगून टाका की बिनअंड्याचा केक चांगला होतो, पण *तसा* होत नाही. अंड्याची प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि फुगलेल्या केकला सावरून धरतात. दही-सोड्याच्या केकमध्ये तो आधार नसतो, मैद्यावरच सगळी भिस्त. म्हणून तो थोडा दमट, थोडा भुसभुशीत राहणारच. डिसेंबरात तुमचा स्पंज मधोमध का बसला ते तुम्हीच जाणा, पण मला संशय घाईचा आहे. सोडा दह्याला भेटला की लगेच फसफसायला लागतो. ओव्हन तापायच्या आधी मिश्रण कालवून ठेवलंत तर निम्मी हवा टिन आत जाण्यापूर्वीच निघून जाते. मग वीस मिनिटांनी दार उघडून डोकावलं की उरलेलं काम झालं. एक गोष्ट जरूर करा: सोड्याच्या डब्यातला चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळून बघा. जोरात फेस आला नाही तर तो डबा भांडी घासायला ठेवा.

आता नणंदबाई.

पूर्वी घराघरात आहेराची वही असायची. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं, अकरा रुपये की स्टीलचा डबा, सगळं शाईने लिहिलेलं. पुढचा आहेर त्या नोंदीवर ठरायचा. त्या वहीत बायकांनी रात्र रात्र बसून केलेले लाडू-चिवडे मात्र कधी चढले नाहीत. तुमचे बारा केक त्याच जातीचे. ते नोंदवलेच गेलेले नाहीत, त्यामुळे नणंदेच्या हिशेबी तुम्ही तिला काही दिलेलंच नाही. ती दुष्ट आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तोंडाची फटकळ आहे आणि तिला सवय लागली आहे. सवय तुम्ही लावलीत.

माझा सल्ला सरळ आहे आणि काहींना तो कोरडा वाटेल: घरच्या माणसांसाठी केक एक तर भेट म्हणून करा, नाही तर पूर्ण पैसे घेऊन करा. मधलं काही नको. "घरचे म्हणून निम्म्यात" या सवलतीइतकी भांडणं कशानेच लागत नाहीत. घेणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिलेत, म्हणजे नाव ठेवायचा हक्क आहे. देणारीला वाटतं आपण निम्मं सोडलंय, म्हणजे तिने गोड बोलावं. दोघीही बरोबर आणि दोघीही फुरंगटलेल्या.

भेट कोणती हे तुम्ही ठरवायचं, आणि तेही मागणी यायच्या आत. समजा, भाचे-पुतण्यांचे वाढदिवस, दहाव्या वर्षापर्यंत, एक किलोचा केक मामीकडून किंवा काकूकडून. तो केक तुम्ही ठरवाल तसा. फोटो पाठवायचा नाही. बाकी साखरपुडे, लग्नाचे वाढदिवस, ऑफिसातल्या मित्राचा निरोप समारंभ, हे सगळं ऑर्डर. दर तोच, आगाऊ निम्मे पैसे, आठ दिवस आधी सांगणं. पहिल्यांदा कोणी "आपल्यात कसले पैसे" म्हणालं की खुलासे देत बसू नका. "आपल्यातलं म्हणून भाच्याचा करते ना, हा ऑर्डरीतला," असं म्हणा आणि विषय बदला. दोन-तीन जण दुखावतील. एखादी चुलतसासू दुकानातून केक आणून मुद्दाम तुम्हालाच पहिला तुकडा भरवेल. खा.

पंचाहत्तरीच्या केकबद्दल मात्र नणंदेशी तुम्ही बोलायचंच नाही. तिच्या भावाने बोलायचं. वडील त्या दोघांचे, हॉल दोघांनी ठरवला, गुरुजी आणि केटरर दोघांनी ठरवला, मग केकच तेवढा "तुमचं तुम्ही बघा"मध्ये कसा गेला? हे त्यांना शांतपणे विचारा. आणि त्यांना मजकूर आयता द्या, पुरुषांना अशा वेळी मजकूर सुचत नाही. ग्रुपवर त्यांच्याच फोनवरून जाऊ दे: "हॉलवरचा केक नाशिकमध्येच ऑर्डर करू. खर्च आपण दोघं निम्मा निम्मा. आप्पांसाठी खास म्हणून घरून आम्ही काहीतरी करून आणतोय." याखाली अंगठे येतील की नाही ते मोजू नका.

यजमान कुरकुरले तर त्यांना हा हिशेब दाखवा. सव्वाशे माणसं म्हणजे हात आखडून वाढला तरी दहा-बारा किलोचा केक. त्यात निम्मा नुसता स्पंज धरला तर पाच-सहा किलो. तुमचा ओव्हन किती लिटरचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरगुती ओटीजीत एका वेळी एकच मोठा टिन नीट भाजतो, सातशे-आठशे ग्रॅमचा. म्हणजे आठ घाणे. पाऊण पाऊण तास धरला तरी सहा तास नुसतं भाजणं, तेही ठाण्याच्या मे महिन्यात. मग थंड करणं, कापणं, क्रीम, वरचं साखरेचं लिंपण. बिनअंड्याच्या मऊ स्पंजवर दोन मजले चढवायचे तर आतून काड्यांचा टेकू द्यावा लागतो, नाही तर वरचा मजला खालच्यात उतरतो. हे सगळं ठेवायचं कुठे? फ्रिजमधलं दूध, दही, कोथिंबीर, पन्ह्याची बाटली शेजारी पाठवून? आणि शेवटी तोच कसारा घाट, तीच गाडी, मांडीवर धरलेलं तेच खोकं.

त्यात समारंभाच्या दिवशी तुम्ही कुठे असाल ते मी सांगू का? हॉलच्या मागच्या खोलीत, एसीसमोर, हातात पॅलेट नाइफ घेऊन पडलेली क्रीमची भिंत उभी करताना. बाहेर गुरुजी ऐंद्री शांत करतायत, बायका आप्पांना पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतायत, आणि घरची सून फोटोत नाही. मुलगी आत येऊन विचारणार, "आई, तू कधी येणारेस?"

आता केक. किंवा केक नव्हे.

आख्ख्या ग्रुपवर एका माणसाला काय आवडतं ते कोणीच विचारलेलं नाही, आणि उत्सव त्याच माणसाचा आहे. आप्पा चिपळूणकडचे, क्रीम बाजूला काढून ठेवणारे, गुळाचं खाणारे, असं तुम्हीच लिहिलंत. मग धोंडस का करत नाही?

मुंबई-ठाण्यात वाढलेल्यांना धोंडस सांगावं लागतं, म्हणून सांगते. हा कोकणातला केकच. पावसाळ्याच्या शेवटी मांडवावर तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, होतात, त्यांचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं. जाड बुडाच्या भांड्यात घालायचं, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. कडा खरपूस होतात, आतून ओलसर राहतं. ओव्हन आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी बायका खालून-वरून आच देऊन भाजत होत्या. तुमच्या ओटीजीचे खालचे-वरचे दोन्ही रॉड लावले की तेच झालं. जन्मतःच बिनअंड्याचं. वर क्रीम नाही, त्यामुळे घाटात मान टाकण्याचा प्रश्न नाही. करून दुसऱ्या दिवशी चव उलट मुरते.

मे महिन्यात तवसं मिळणार नाही, साधी काकडी घ्या, जरा जून बघून. एक वाटी तांदळाचा जाडसर रवा दोन चमचे तुपावर तांबूस भाजा. दोन वाट्या काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ आणि चवीला मीठ एकत्र उकळा. त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची-जायफळ, हवे तर काजूचे तुकडे घाला आणि रवा हळूहळू सोडत ढवळा. झाकून एक वाफ काढा, मग अर्धा तास तसंच मुरू द्या. घट्ट वाटलं तर नारळाचं थोडं दूध. तूप लावलेल्या टिनमध्ये थापून 180 अंशांवर चाळीस-पन्नास मिनिटं, कडा सुटेपर्यंत. हळदीचं पान मिळालं तर टिनच्या तळाशी घाला. मेमध्ये ते मिळणं जरा कठीणच. ते नसलं तरी चालतं, पण वासाने माणूस ओळखतो.

एवढ्या मापात आठ-दहा तुकडे होतात. आप्पा, सासूबाई, गुरुजी, दोन-चार म्हातारी भावंडं, एवढ्यांपुरतंच करा. सव्वाशे माणसांना पुरवायचं मनातही आणू नका, नाहीतर मी एवढं लिहिलेलं वाया गेलं.

तुमच्या सासूबाईंना धोंडस येत असेल तर माझं माप बाजूला ठेवा आणि त्यांचं घ्या. गुळाचं प्रमाण घरागणिक बदलतं, आणि आप्पांच्या जिभेवर कोणत्या घरचं आहे ते त्यांनाच माहीत. पण हे विचारायचं अंड्याचं सांगून झाल्यावर, मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन. सांगितल्या सांगितल्या "आई, आपण दोघी मिळून धोंडस करू या" असं म्हणालात तर ती लाच वाटेल, आणि ती असेलही. त्या नाही म्हणाल्या तर एकटीने करा. टिन मात्र नवा घ्या, मैत्रिणीकडे अंड्याला वापरलेला नको. त्यांच्यादेखत वेष्टन काढा.

शेवटच्या दोन बारीक गोष्टी. काकडी किसायच्या आधी प्रत्येक काकडीच्या देठाकडचा तुकडा चावून बघा, एक कडू निघाली तर अख्खं धोंडस गेलं. आणि प्रवासासाठी डब्यात भरताना पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना झाकण लावलंत तर आत घाम सुटतो आणि नाशिक येईपर्यंत आंबूस वास धरतो.

सासूबाई काय म्हणाल्या ते कळवा.